कोर्ट उठेपर्यंत

"मंगळसूत्र राहू द्या वहिनी, पण कानातलं काढून ठेवा. आणि साडी अशी नको. रोजच्या वापरातली, धुऊन विटलेली असेल तर बघा."

देशिंगे वकील आमच्या सोप्यात, आमच्याच खुर्चीत बसून, मीच केलेला चहा पीत मला हे शिकवत होते. शेजारी माझा नवरा मान खाली घालून बसला होता. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी घेते. जोतिराम.

"आणि तेजलला शाळेच्या ड्रेसवर आणा," वकील म्हणाले. "दोन वेण्या, रिबिनी. साहेबांना लहान पोर दिसलं पाहिजे."

"तिची शाळा बुडवून?"

"एक दिवस, वहिनी. बापासाठी."

जोतिराम शाळेची व्हॅन चालवायचा. सकाळी गल्लीगल्लीतून पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची, दुपारी परत ज्याच्या त्याच्या दारात पोचवायची. सगळी पोरं त्याला जोतिकाका म्हणायची. त्यात आमची तेजलही होती, तिसरीतली. आदल्या आठवड्यात मावसभावाच्या हळदीवरून येताना फाट्यावर नाकाबंदीत तो सापडला. मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा भरपूर वर गेला. लायसन काढून घेतलं, व्हॅन जप्त झाली आणि तारीख पडली.

"मोठं काही नाही हे," वकिलांनी बशी खाली ठेवली. "गुन्हा कबूल म्हणायचं, वाद घालायचा नाही. पहिलीच वेळ आहे, घरात एकटा कमावता आहे, म्हातारी आई आहे. दंड होईल आणि कोर्ट उठेपर्यंत शिक्षा. म्हणजे साहेब उठून जाईपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचं, बस्स. लायसनला मी हात लावू देत नाही. कागदात मी नीट बघितलंय, नुसती चारचाकी लिहिलीय. शाळेची व्हॅन असा शब्द कुठं नाही. व्हॅन रिकामी होती हे नशीब."

"पण ती शाळेचीच व्हॅन हाय," मी म्हणाले.

"ते तुम्हाला माहिताय. साहेबांना कशाला सांगायचं?"

"आणि ही पहिली वेळ न्हाई."

जोतिरामनं मान वर केली. आतून माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, भाकरी टाकून उंबऱ्यात आल्या. देशिंगे मात्र हसले. असलं बोलणाऱ्या बायका त्यांनी बऱ्याच पाहिल्या असाव्यात.

"वहिनी, प्यायची पहिली वेळ कुणाचीच नसते. सापडायची पहिली वेळ आहे ना? कायदा तेवढंच विचारतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजही हे वाक्य आठवलं की जाते.

"आगं, पुरुषमाणूस हाय," आत्या म्हणाल्या. "घेतो कवातरी. कुणाचं वाईट केलंय का त्यानं? तू नुसती कोर्टात हुबी ऱ्हा. तोंड उघडू नगंस."

मी जायचं कबूल केलं. सगळ्यांना वाटलं, वैजयंता शहाणी झाली. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. घरात जे मला जमलं नाही ते कोर्टात होईल, अशी वेडी आशा मला लागली होती. खुर्चीत बसलेला शिकलेला माणूस त्याच्याकडे एकदा बघेल, लायसन काढून घेईल, मग त्याला पोरं घेऊन जाता येणार नाही. मी नवऱ्याला सोडवायला निघालेच नव्हते. त्याचं लायसन जावं म्हणून विटकी साडी नेसून मी निघाले होते.

आमच्या भावकीत आजही कुठल्या लग्नाला गेले की दोनचार बायका एकमेकींना कोपर मारतात. हीच ती, नवऱ्याच्या मुळावर उठलेली. म्हणू देत. त्यांच्या पोरांना त्या व्हॅनमध्ये बसवून बघितलं असतं म्हणजे कळलं असतं.

कोर्टाचा व्हरांडा माणसांनी भरलेला. जोतिराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून आला होता. सोबत त्याचा जिगरी दोस्त नंदू. हा नंदू रिक्षावाला. हळदीत बाटली फोडणारा हाच, आणि आता खांद्यावर हात ठेवून धीर देणाराही हाच.

"घाबरू नगंस रं जोत्या," तो म्हणत होता. "माझं बी असंच झालंतं. सकाळी कोर्टात, सांजच्याला गाडीवर."

पिऊन गाडी चालवलेल्यांचा घोळकाच होता तिथं. पुकारा झाला तसे सगळे एका रांगेत पुढं गेले. शाळेत उशिरा आलेली पोरं ओळीनं उभी करतात तशी. एकेकाचं नाव, गुन्हा कबूल, पहिलीच वेळ, दंड. एकेकाचं नाव, गुन्हा कबूल, पहिलीच वेळ, दंड. पापड लाटल्यासारखा भराभर निकाल पडत होता. एवढ्या सगळ्यांची एकाच आठवड्यात पहिलीच वेळ आली होती, आणि याचं नवल तिथं कुणालाच वाटत नव्हतं.

जोतिरामचं नाव आलं. त्यानं हात जोडले. साहेब तरुण होते, चष्म्यातून कागद बघत होते.

"गुन्हा कबूल आहे?"

"होय साहेब."

"पूर्वी असं काही?"

"न्हाई साहेब. पहिलीच वेळ."

देशिंगे पुढं सरकले. "साहेब, तरुण माणूस आहे. नातेवाइकाच्या हळदीत आग्रह झाला. घरात म्हातारी आई, पत्नी, लहान मुलगी. कुटुंब कोर्टात हजर आहे." आणि त्यांनी आमच्याकडे हात केला, दुकानदार कापड दाखवतो तसा.

साहेबांनी मान वर केली. तेजलकडे बघितलं आणि जरासं हसले.

"कितवीत आहेस, बाळ?"

"तिसरीत."

"आज शाळा नाही?"

तेजलनं माझ्याकडे बघितलं. "हाय. पण आज पप्पांची व्हॅन न्हाई ना. पप्पाच आमाला सगळ्यांना शाळेत सोडतात."

देशिंग्यांना खोकला आला. साहेबांचा पेन थांबला. मनात म्हटलं, पोरीनं सांगितलं, जे कुणी लिहिलं नाही ते माझ्या पोरीनं सांगितलं. आता विचारा साहेब. सगळ्यांना म्हणजे कुणाला, एवढंच विचारा.

मी एक पाऊल पुढं टाकलं. "साहेब, मला—"

"ओ बाई, विचारल्याशिवाय बोलायचं नाही," शिपाई खेकसला.

"कुटुंबाच्या भावना अनावर झाल्यात, साहेब," देशिंगे लगेच म्हणाले.

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग समोरच्या ढिगाकडे. पेन पुन्हा चालायला लागला. "मुलीकडे बघून तरी सुधारा. पुन्हा असं होता कामा नये. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. लायसन परत द्या. गाडी मालकाच्या ताब्यात द्या. पुढचं नाव."

संपलं. माझ्या पोरीच्या वेण्या, माझे रिकामे कान, सगळं त्याच्याच उपयोगाला आलं.

व्हरांड्यात देशिंग्यांनी त्याची पाठ थोपटली. "बघ, सुटलास. आता शहाण्यासारखा बाकावर बस संध्याकाळपर्यंत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, पोरीनं गडबडच केली होती. पण एका अर्थी बरं झालं, साहेबांना माया आली."

माया! तेजलचा हात हातात नसता तर त्यांच्या काळ्या कोटाची गचांडीच धरली असती.

शिक्षा म्हणजे काय, तर कोर्टाच्या खोलीतलं मागचं बाक. त्यावर सकाळची ती सगळी पहिली वेळवाली मंडळी मांडीला मांडी लावून बसली. थोड्या वेळानं त्यांच्यात ओळखी निघाल्या. कुणी कुठं पकडलं, कुणी किती घेतली होती, कुठल्या नाक्यावर पोलीस असतात आणि कुठल्या आतल्या रस्त्यानं चुकवता येतं, अशी कुजबुज सुरू झाली. जोतिराम तोंडावर रुमाल धरून हसत होता. हसताना त्याचे खांदे हलत होते. मी आणि तेजल दारातल्या फरशीवर बसून ते बघत होतो.

दुपारच्या सुट्टीत आम्ही डबा खाल्ला. तो मुकाट जेवला, पोरीला घास भरवला, तेव्हा मलाही क्षणभर वाटलं की धडा घेतला असेल. पण सुट्टीनंतर तासाभरानं त्यानं दारावरच्या पोलिसाला तंबाखू मळून दिली, करंगळी वर केली आणि बाहेर गेला. व्हरांड्याच्या टोकाला नंदू उभाच होता.

तो आला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. तोंडात पान. माझ्या अंगावरून आत जाताना, "अजून उठलं न्हाई व्हय गं कोर्ट?" असं खुशीत विचारून गेला.

पानाच्या आडून तो वास आला.

तो वास मला ओळखू येणार नाही? फाल्गुनातल्या एका दुपारी असाच वास अंगाला घेऊन तो घरी आला होता. पोरं सोडून आलो म्हणाला आणि पंख्याखाली आडवा झाला. तेजलची पाण्याची बाटली व्हॅनमध्ये राहिली होती, म्हणून मी ती आणायला गेले. व्हॅन उन्हात तापत उभी, काचा बंद. मागच्या सीटवर बालवाडीतली मनवा झोपलेली. झोपलेली कसली, केस भिजून कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे पडलेले. मी उचलली तर तिची मान माझ्या हातावर लुळी पडली. मोरीत नेऊन तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, साखरपाणी चमच्यानं घातलं. कितीतरी वेळानं तिनं डोळे उघडले आणि मला विचारलं, "माझं घर आलं?"

तिच्या आईला सांगायला मी निघाले तर आत्या दारात आडव्या झाल्या. हात जोडले, पाया पडल्या. जोतिरामनं तोंड धुतलं, पोरीला कडेवर घेतलं आणि स्वतःच पोचवून आला. हसत आला. म्हणाला, "तिची आई म्हटली, काका, उशीर झाला तरी जपून आणलंत, चहा घेऊनच जा." त्या रात्री तेजलच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली. महिना नाही झाला, तोवर हळद आली.

आणि आज, शिक्षा भोगता भोगता, त्याच बाकावरून उठून जाऊन तो पिऊन आला होता. उद्या सकाळी मनवा वेणी घालून दारात उभी राहणार होती.

तेवढ्यात साहेब उठले. सगळे ताडकन उभे राहिले. बाकावरच्या मंडळींनी हात जोडले, त्यात जोतिरामनंही. साहेब मागच्या दारानं निघून गेले.

मी शिपायाकडे धावले. "भाऊ, साहेबांना एकदा भेटू द्या. तो आत्ता पिऊन आलाय. इथंच, शिक्षेत. तोंडाचा वास घेऊन बघा म्हणावं."

शिपाई खिडक्या लावत होता. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. "कोर्ट उठलं, बाई. आता काही होत नाही."

झालं. आता कुणी उरलं नव्हतं. वकील नाही, साहेब नाही, शपथ नाही. उरले होते मी, आणि दाराशी उभा राहून मला हाक मारणारा तो.

"वैजू, चल की! गाडी सोडवायची हाय. तुझी सही लागती."

हे मात्र कुणाच्या हिशेबातच नव्हतं. व्हॅन माझ्या नावावर होती. बचत गटातून कर्ज मिळालं म्हणून माझं नाव घातलेलं, बाकी माझा आणि गाडीचा संबंध ती धुण्यापुरताच. पण हुकुमात लिहिलं होतं, मालकाच्या ताब्यात.

पोलीस चौकी कोर्टाच्या समोरच, रस्ता ओलांडून. जप्त केलेल्या गाड्या चौकीच्या भिंतीला लागून रस्त्यावरच उभ्या असायच्या. आमची पिवळी व्हॅन त्यांच्यात होती, मागच्या काचेवर पोरांनी बोटांनी काढलेली चित्रं तशीच. जोतिराम तेजलला घेऊन बाहेर व्हॅनजवळ थांबला, मी आत गेले.

टेबलाशी आवळे मॅडम होत्या, हवालदार. फाट्यावर त्याला मशीन लावणाऱ्या याच. त्यांनी हुकूम वाचला आणि ओठ मुडपले.

"सुटला ना? आम्ही उन्हातान्हात उभं राहून पकडायचं, तिकडं पहिली वेळ म्हणून सुटायचं. करा सही." सही झाल्यावर त्यांनी चावी माझ्या हातात दिली. "मालकीणबाई, आता तुम्हीच लक्ष ठेवा."

चावीला तेजलनं घातलेला लाल गोंडा होता. मी तो मुठीत धरला.

"मॅडम, दुसऱ्यांदा सापडला तर काय होतं?"

"मग पहिली वेळ म्हणता येत नाही. मग वकिलाची सगळी टकळी बंद होते. लायसन जातं."

"सापडायला गाडी लांब जायला लागती?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "नाही. पिऊन चालवायचा नुसता प्रयत्न केला तरी गुन्हाच. का हो?"

"त्यो आत्ता पिऊन आलाय. बाहेर गाडीपाशी हुबा हाय. तुमचं मशीन घ्या आणि गाडीच्या म्होरं येऊन उभ्या ऱ्हावा. एक पाऊल बी पुढं जाऊ देऊ नका."

मॅडमचा हात टेबलावरच राहिला. "वहिनी, नवरा आहे तुमचा. उद्या घरात राहायचंय तुम्हाला."

"मला ऱ्हायचंय. पर त्या गाडीत पोरं बसत्यात, मॅडम."

त्या उठल्या. टोपी घातली.

मी बाहेर आले तर जोतिरामनं कुलूप बिघडलेलं दार उघडून तेजलला पुढच्या सीटवर बसवलंही होतं.

"तेजल, खाली उतर."

"आगं, बसू दे की," तो म्हणाला. "घरलाच तर जायचंय."

"खाली उतर म्हणते ना!"

पोरगी घाबरून उतरली. मी तिला भिंतीला लागून, माझ्या मागं उभी केली. मग चावी त्याच्यापुढं धरली. त्याला अजूनही वेळ होती. नको वैजू, आज मी घेतलीय, नंदू नेईल गाडी, नाहीतर चालत जाऊ, असं एवढंच म्हणाला असता तर मी चावी मागं घेतली असती. खरंच घेतली असती. मी तोंडानं विचारलंसुद्धा.

"चालवशील ना नीट?"

"मला काय झालंय?" तो हसला. "सुटलो की आता!"

त्यानं चावी घेतली, आत बसला, दार लावलं. आरशाला हळदीच्या दिवशीचा वाळका गजरा लटकत होता, तो त्यानं नीट केला. मग चावी फिरवली. इंजिन घरघरलं.

आवळे मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. एक हात बॉनेटवर, दुसऱ्या हातात मशीन.

"बंद कर. खाली उतर. फुंक."

त्याला आधी कळलंच नाही. तो मॅडमकडे बघून कसनुसा हसला, मग मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूहळू चेहऱ्यावरचं पान, गंध, हसू सगळं उतरत गेलं.

"वैजू," तो म्हणाला. "तू दिलीस चावी. तू..."

"फुंक म्हणते ना," मॅडम ओरडल्या.

त्यानं फुंकलं. आकडा बघायला मी पुढं गेले नाही. तेजल माझ्या पदरात तोंड खुपसून उभी होती, तिच्या रिबिनीचं फूल सुटून लोंबत होतं. रस्त्यापलीकडं कोर्टाच्या फाटकातून देशिंगे वकील स्कूटर ढकलत बाहेर पडत होते. त्यांनी आम्हाला बघितलं, स्कूटर तशीच स्टँडवर लावली आणि हात वर करत धावत आले.

"मॅडम, थांबा, थांबा! लिहू नका काही. साधा माणूस आहे, समजून घ्या, पहिलीच—"

आवळे मॅडमनी पेन उघडला आणि त्यांना नाही, मला विचारलं.

"किती वेळा सापडलाय हा, वहिनी?"

"ही दुसरी," मी म्हणाले. "लिहा. आणि ही शाळेची व्हॅन हाय, ते बी लिहा."